जिनिंगच्या फळीची गिटार

दर वर्षी मार्च संपत आला, की आमच्या स्टाफरूममध्ये कूलरचं गवत बदलायचा विषय निघतो आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडते. सहकाऱ्यांना वाटतं, बाईंना वर्गणी द्यायची नाही. वाटू दे. त्यांना तायडे सर माहीत नाहीत.

आता मी माझ्या माहेरच्या गावी, देऊळगाव राजाला असते. त्याआधी नऊ वर्षं जळगाव जामोदला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवला. तिथं मी भाड्यानं राहायचे त्या घराची आणि सुखदेव तायडे सरांच्या घराची भिंत एकच होती. सर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, अंगात कायम खिशाची बंडी आणि खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा. परसात टिनाचं शेड होतं. तिथून रंध्याचा आवाज यायचा, म्हणून मला वाटलं खुर्च्या-टेबलं करत असतील. एका रविवारी डोकावले, तर खुंटीला गिटारीचा नुसता सांगाडा लटकलेला.

"हे काय हो सर?"

"गिटार हाय मॅडम. पिच्चरवाली नाई पन. नायलॉनच्या तारांची. बोटानं वाजवाची."

"तुम्ही वाजवता?"

"मले कुठी येते," असं म्हणून ते पुन्हा रंध्याकडं वळले. त्यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं रद्दीतून. आयटीआयच्या ग्रंथालयातली जुनी परदेशी मासिकं विकायला काढली, त्यातल्या एकात घडी घातलेला भला मोठा कागद होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश कारागिराच्या गिटारीचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग. सरांनी ते घरी आणून शेडच्या भिंतीला लावलं. मी पाहिलं तेव्हा घड्या झिजून फाटलेल्या आणि मागून कापडाच्या पट्ट्यांनी सांधलेल्या होत्या. इंग्रजी वाचायला सरांना वेळ लागे, म्हणून मासिकातला मजकूर मी वाचून मराठीत सांगायचे. त्या कारागिराचं नाव सर तोंडानं घेत नसत. 'उस्ताद' म्हणत, आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावत. "उस्तादनं इथी अडीच मिलिमीटर धरले. आपून कोन बदलनारे?"

त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, हे ऐकून म्हणायच्या, "माह्या बापाचं नाव घेताना कधी कानाले हात नाई लावला ह्या मानसानं."

सरांची खरी खोड म्हणजे टकटक. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान जवळ न्यायचा. टेबल असो, बैलगाडी असो, कुणाच्या घरचा पाळणा असो. एकदा आमच्या गल्लीत एकांकडे आम्ही भेटायला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेलेला, आत बायका रडत होत्या, आणि सर दाराच्या चौकटीला कान लावून उभे. मी कोपरानं ढोसलं, तर हळूच म्हणाले, "शिसम हाय मॅडम. जुना. बोलते लेकाचा." बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलं झापलं. "चुकलंच," म्हणाले, आणि जाता जाता त्याच घराच्या फाटकावर टकटक केलं.

लाकडाचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, बोलणारं आणि मुकं.

ते कान इतका जवळ का नेतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पण वाचणाऱ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही, आत्ताच सांगून टाकते. सरांचे कान जात होते. तीस वर्षं रंधामशीन आणि चक्रीकरवतीच्या आवाजात काढलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकू येणं कमी कमी होत जाईल आणि यंत्र लावूनही फार फरक पडणार नाही. हे काकूंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि सरांची इच्छा एकच होती. कान जायच्या आत आपण केलेली एक तरी गिटार जाणत्या हातानं वाजलेली ऐकायची. गावात तसं वाजवणारं कुणी नव्हतं. मोबाइलमधल्या आवाजाला सर आवाज मानत नसत. स्वतः मोकळ्या तारा छेडून बघायचे, त्यापुढे त्यांची मजल नव्हती. म्हणजे आयुष्याची इतकी वर्षं गिटारी करणाऱ्या या माणसानं गिटार ऐकलेलीच नव्हती.

आवाज पुढच्या फळीतून येतो हे लोकांना पटवून द्यायला उस्तादनं एकदा गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या, हे मी मासिकातून वाचून दाखवलं आणि पस्तावले. चौथ्या दिवशी काकूंच्या नव्या फ्रिजचं खोकं गायब. त्यात काकूंनी गोधड्या भरून ठेवायचं ठरवलं होतं. दोन महिन्यांत पुठ्ठ्याची गिटार तयार झाली, कडेला खोक्यावरचा उभा बाण तसाच. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी ती आणि सर, दोघांनाही स्टेजवर नेलं. मुलं हसून हसून बेजार झाली. सरांनी एक तार छेडली आणि सगळा हॉल चिडीचूप झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही, मुलं हसतच राहिली. सर मात्र खूश होते. "आवाज छातीत असते मॅडम," घरी येताना म्हणाले. "पाठ कशाची बी करा. छाती चांगली पाह्यजे."

छाती म्हणजे गिटारीची पुढची फळी. तिच्यासाठी हवं ते लाकूड आपल्याकडं होत नाही. थंड मुलखातलं, हलकं, उभ्या सरळ रेषांचं लागतं. सर देवदारावर भागवायचे आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायचे. मग गावाबाहेरची एक जुनी जिनिंग पाडायला काढली. इंग्रजांच्या काळात तिथली कापसाची यंत्रं विलायतेहून लाकडी पेट्यांतून आली होती, आणि पेट्यांच्या फळ्या कुणीतरी माळ्याला ठोकल्या होत्या. सर दोन दिवस त्या ढिगाऱ्यात टकटक करत फिरले. मजुरांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि घर कुठं आहे ते आठवतं का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर एक फळी खांद्यावर टाकून आले. एकच. तिच्यावर परदेशी अक्षरं पुसट दिसत होती. मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली, की एका गिटारीची छाती निघेल, इतकीच.

ती फळी चार वर्षं खाटेखाली पडून होती. सरांचा हात धजत नव्हता. "सवत आनून ठेवली माह्या खाटेखाली," काकू म्हणायच्या. "रोज उठल्याबरोबर पह्यले तिले ठोकून पाह्यते हा मानूस, मंग चहा."

छातीच्या आतून उस्तादच्या ड्रॉइंगप्रमाणे सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या चिकटवायच्या असतात. सर त्यांना फासळ्या म्हणत. फासळ्या कधी चिकटवायच्या, याचा निर्णय सर कॅलेंडर पाहून करत नसत. शेडच्या भिंतीला एक वीतभर लाकडी पट्टी टांगलेली होती, दोन वेगळ्या लाकडांचे पातळ काप एकमेकांना चिकटवून केलेली. हवा दमट झाली की ती एका बाजूला वाकायची, कोरडी झाली की दुसऱ्या. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. पट्टी पार कोरड्या खुणेवर आली, की मगच सर चिकटवायचा सरस तापवायला ठेवत.

"असं हाय मॅडम, लाकूड सुकेल असताना फासळ्या लावल्या, अन् मंग पावसाळ्यात ते फुगलं, त फुगू द्या. जरासं पोट निघते. पन ओल धरेल असताना लावल्या, अन् मंग ते सुकलं, त फासळ्या त्याले आखडू देत नाईत. मंग ते फाटते."

हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं.

आता माझं ऐका. मला दुसऱ्याचं भलं करायची खोड आहे. कुणाचं अडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. माझ्या मावसभावाच्या ओळखीनं मी पुण्याचे फर्नांडिस सर शोधून काढले. ते नायलॉन तारांच्या गिटारीचे मुरलेले वादक, परदेशात शिकून आलेले. त्यांना फोटो पाठवले, फोनवर बोलले. ते म्हणाले, जूनच्या पहिल्या शनिवारी अकोल्याला माझा कार्यक्रम आहे, गिटार घेऊन या, मनासारखी असेल तर एक रचना तिच्यावरच वाजवीन. मी उड्या मारत शेडमध्ये गेले. सरांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग विचारलं, "पुरन का वेळ?"

"पुरवायचा, सर."

दुसऱ्या दिवशी फळी खाटेखालून निघाली.

मार्च-एप्रिल सर शेडमध्येच होते. फळी चिरली, दोन भाग जोडले, रंध्यानं इतके पातळ केले की उन्हात धरले तर पलीकडची बोटं लाल दिसत. फासळ्या तासून मांडून ठेवल्या. आणि एप्रिलच्या शेवटी, सरस तापवायच्या आदल्या दिवशी, सरांना ऊन लागलं. वर टीन, बाहेर पंचेचाळीस, आणि डोक्यावर नुसता ओला दुपट्टा. शेडमध्येच कोसळले. डॉक्टरांनी पाच दिवस झोपून राहायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी कूलर आणला. चांगला मोठा, लोखंडी, टाकीचा. काकूंनाही बरं वाटलं. शेडच्या खिडकीला बसवला आणि सर उठेपर्यंत शेड गार होऊन राहावं म्हणून पाच दिवस, रात्रंदिवस चालू ठेवला. पाणी मी स्वतः भरत होते. अकरावीला सापेक्ष आर्द्रता मी शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. पाच दिवस मी टाकीत बादल्या ओतत होते आणि ते पाणी कुठं जातंय, असा प्रश्न मला पडला नाही.

सहाव्या दिवशी सर शेडमध्ये आले. गार वारा अंगावर आला तसे दारातच थांबले. भिंतीवरच्या पट्टीकडं पाहिलं, मग कूलरकडं, मग माझ्याकडं. मी करवलीसारखी मिरवत उभी.

"कसं वाटतंय, सर?"

"बरं केलं मॅडम," ते म्हणाले. "लय बरं केलं." मग छातीची फळी उचलून पेरानं ठोकली, कानाशी धरली. "दोन-तीन हप्ते हिले सुकाले ठेवा लागीन का, ते पाहून राह्यलो."

"तीन आठवडे?" मी म्हणाले. "सर, तारीख पाच आठवड्यांवर आली. फर्नांडिस सर इकडं पुन्हा केव्हा येतील, काही सांगता येतं का?"

"हाव. ते बी खरंच हाय."

त्यांनी थोडा वेळ फळी हातात धरली आणि मग काकूंना हाक मारून सरस तापवायला ठेवायला सांगितला. माझ्या आग्रहावरून पुढचं सगळं काम त्यांनी कूलर लावूनच केलं. गिटार जूनच्या तोंडावर पुरी झाली. सरांनी मोकळ्या तारा छेडल्या, पाठीला गाल लावला, आणि इतके हसले की काकू म्हणाल्या, "लग्नात बी असं तोंड नव्हतं याईचं."

शनिवारी भाड्याची जीप करून आम्ही दोघं अकोल्याला निघालो. पाऊस यायचा होता, वारा भट्टीतून आल्यासारखा. गिटारीची पेटी सरांच्या मांडीवर होती. शेगाव मागं पडलं आणि बारीकसा आवाज झाला, वाळलेली शेंग फुटावी तसा. "गाडीचं काही वाजलं का?" मी ड्रायव्हरला विचारलं. सरांच्या कानांवर तो आवाज पडला नसेल, पण मांडीला कळलं असणार. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालू द्या."

पेटी अकोल्यात, स्टेजमागच्या खोलीत उघडली. तारा जिथं बांधतात त्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत छाती उभी फाटली होती.

फर्नांडिस सर भला माणूस. त्यांनी गिटार उजेडात नेली, आत आरसा घालून फासळ्या पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. "काम फार सुंदर आहे," म्हणाले. "मी वाजवून बघतो. थोडं झणझणेल इतकंच." सरांनी तारांवर पंजा ठेवला.

"नोका वाजवू. आजारी मानसाले गाऊ लावत नाई आपून."

"मग बरी करा. ही नक्की बरी होईल. झाली की मला कळवा, मी तुमच्या गावाला येईन."

कार्यक्रमात आम्ही पहिल्या रांगेत बसलो. फर्नांडिस सर आपल्या गिटारीवर वाजवत होते. तायडे सर डोळे मिटून ऐकत होते, पुढं झुकून. कान शिल्लक होते तेवढे सगळे त्यांनी तिथं लावले असतील. परतताना नांदुऱ्यापर्यंत पेटीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आपलं जवळ होतं मॅडम. लय दूर नव्हतं."

दोन दिवसांनी मी काकूंकडं जाऊन बसले. त्या गहू निवडत होत्या. मी म्हटलं, नशीब बघा कसं ते. काकूंनी मान वर केली नाही.

"नशीब काहाचं बाई. त्याईनं पट्टी पाह्यली होती त्याच दिवशी. छाती फाटीन, असं मले जेवताना सांगतलं."

"मग लावल्या कशाला फासळ्या? मला सांगायचं होतं."

"तुमी एवढ्या हौसेनं कूलर आनेल. अन् थांबले असते त तारीख गेली असती. पुढच्या तारखेपावतर कान थांबनार होते का?" आणि मग त्यांनी मला कानांचं सांगितलं.

मला लाज वाटली, इतकंच म्हणणं फार कमी आहे. सरांनी त्याबद्दल माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कूलर परत देऊ का म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या. बुढीले झोप चांगली लागते."

इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती. पुढची नव्हती.

सरांनी ती गिटार पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त केली. या वेळी पट्टी कोरड्या खुणेवर येईस्तोवर थांबून, कुणाचं न ऐकता. चीर बुजवून आतून लाकडाचे छोटे तुकडे लावले. एप्रिलमध्ये मला म्हणाले, "मॅडम, पुन्याले फोन लावता का?" मी म्हटलं, लावते सर, पण या वेळी घाई करायला नको. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, फर्नांडिस सर दौऱ्यावर असतील. असतील, असं म्हटलं, विचारलं नव्हतं. मग पेपर तपासायचे होते, मग अॅडमिशन, मग माझी देऊळगाव राजाला बदली. खरं असं होतं, की त्या दोघांना पुन्हा समोरासमोर आणायची मला भीती वाटत होती. पुन्हा काही फाटलं तर ते माझ्याच हातून, असं वाटायचं. जगाची कामं धडाधड उरकणारी मी, हा एक फोन करत नव्हते. आणि त्यांचे कान जातायत, हे तेव्हा मला चांगलं माहीत होतं. तिसऱ्यांदा सरांनी विचारलं नाही.

दीड वर्ष गेलं. एका रविवारी मी सहज फोन केला, तर काकूंनीच उचलला. सरांना द्या म्हटलं. काकू म्हणाल्या, "ते आता फोनवर नाई बोलत बाई. कानाशी तोंड नेऊन वरडा लागते."

मी त्याच दिवशी पुण्याला फोन लावला. फर्नांडिस सर म्हणाले, "अहो, मी वाट बघत होतो. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला."

पंधराव्या दिवशी ते आले. डिसेंबरची सकाळ होती. सरांच्या अंगणात सतरंजी टाकली होती, शेजारची चार माणसं जमली होती. सर वाळून गेले होते, पण बंडी पांढरी स्वच्छ आणि दाढी केलेली. त्यांनी स्वतः पेटी उघडून गिटार फर्नांडिस सरांच्या हातात दिली, चिरेची जागा बोटानं दाखवली. मग समोरच्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले, पुढं झुकले आणि डोळे मिटून घेतले.

फर्नांडिस सरांनी तारा लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. मला संगीतातलं कळत नाही. पण कुंपणाशी उभी असलेली माणसं आपापसात बोलायची थांबली, आणि शेजारची बाई बादली हातात धरूनच उभी राहिली. जाडे सूर गोल, खोलवरून येत होते आणि बारीक सूर एकेक सुटे, स्वच्छ. फर्नांडिस सरांनी एकदा मान वर करून त्या फळीकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. इतकं चांगलं काही मी माझ्या आयुष्यात जवळून ऐकलेलं नाही.

पाचेक मिनिटं झाली असतील. सरांनी मिटल्या डोळ्यांनीच तोंड माझ्याकडं वळवलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, त्याईले म्हना, करा आता सुरू. मी तयार हाय."

फर्नांडिस सरांनी हात थांबवला नाही. काकू माझ्याकडं पाहत होत्या. मी सरांच्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हटलं, "हो सर, करतायत."

सरांनी मान हलवली आणि वाट पाहत बसले.